मुख्य अर्जदार कोण?
(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



मागच्या बैठकीत कापसाचा भाव, पीकविमा आणि बोंडअळी यांवर बोलता बोलता अंधार पडला. सतरंज्या गोळा करायची वेळ आली तेव्हा एक शेतकरी उभा राहिला. त्याचा मुलगा आणि सून कॅनडाला चाललेत. कायमचे. टोरंटोसारख्या मोठ्या शहरात नाही. मॅनिटोबा प्रांतात स्टाइनबाख म्हणून आपल्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढं गाव आहे, तिथं. त्यानं विचारलं, "दोघंच्या दोघं चालले. तिथं त्याइचं हाय कोण?"

उशीर झाला होता. आम्ही म्हटलं, पुढच्या बैठकीत सांगू. काहीजण हसले. कापूस-ज्वारीच्या बैठकीत कॅनडा कशाला, असं त्यांना वाटलं असेल.

पण त्या शेतकऱ्याच्या पोटातली खरी गोष्ट बाहेर चहाच्या टपरीवर ओठावर आली. नोकरी मुलाला नाही, सुनेला मिळालीय. ती नर्सिंग शिकलेली. सगळे कागद तिच्या नावानं निघाले. फॉर्मवर 'मुख्य अर्जदार' सून, आणि मुलगा 'सोबतचा जोडीदार'. गावात लोक विचारतात, पोरगा बायकोच्या मागं चालला काय? त्या बापाची झोप थंडीच्या, परक्या मुलखाच्या काळजीनं जेवढी उडाली नव्हती, तेवढी या एका रकान्यानं उडाली होती.

म्हणून आज त्या रकान्याबद्दलच बोलायचं ठरवलं. आणि आज आम्ही 'आम्ही' म्हणतो ते सभेत म्हणायचं 'आम्ही' नाही. आम्ही दोघं नवराबायको मिळून हे सांगतोय. परक्या गावात दोघांनीच जाऊन राहण्याचा थोडा अनुभव आम्हालाही आहे. तो पुढं येईल.

आधी ही योजना काय ते सांगतो. कॅनडा सरकारनं २०२५ साली ग्रामीण भागांसाठी ती सुरू केली आणि त्यासाठी चौदा ठिकाणं निवडली. स्टाइनबाख त्यातलं एक. तिकडच्या खेड्यांतही तरुण पोरं शहराकडं गेली, म्हातारी माणसं मागं राहिली. दवाखान्यात, गॅरेजात, कारखान्यात काम करायला माणूस मिळेना. मग सरकार म्हणालं, या गावातल्या मान्यता मिळालेल्या मालकानं तुम्हाला नोकरी देऊ केली, तर तुम्ही कायम वास्तव्यासाठी अर्ज करा, नवरा किंवा बायको आणि मुलं अर्जात सोबत घ्या. म्हणजे हे आमंत्रण प्रेमापोटी नाही. हात कमी पडले म्हणून आहे. त्यात वाईट काही नाही, पण जाणाऱ्यानं ते ओळखून जावं.

त्या मुलखानं याआधीही असंच आमंत्रण दिलं होतं, आणि ते थेट शेतकऱ्यांना होतं.

१८७२ साली कॅनडा सरकारनं डोमिनियन लँड्स ॲक्ट नावाचा कायदा केला. १० डॉलर फी भरा आणि १६० एकर जमीन घ्या. तीन वर्षं तिथं घर बांधून राहा, ठरलेली जमीन फोडून पिकाखाली आणा, की ती तुमच्या मालकीची. १६० एकर! आपल्याकडं कोरडवाहूची कमाल मर्यादा ५४ एकर आहे आणि तेवढी जमीन असलेला माणूस या मंडपात बहुधा कोणी नाही. ऐकूनच तोंडाला पाणी सुटतं.

पण शेतकऱ्यानं फुकट शब्द ऐकला की आधी खर्चाचा हिशेब मांडावा. जमीन फुकट होती. नांगर, बैल, बियाणं, घराचं लाकूड, पहिलं पीक हाती येईपर्यंतचं पीठमीठ, यातलं काहीच फुकट नव्हतं. हिवाळ्यात पारा शून्याच्या खाली तीस अंश. पावसाचं मान आपल्या अवर्षण पट्ट्यासारखं किंवा त्याहून कमी. प्रेअरी म्हणजे गवताची माळरानं, आणि त्यांच्या दक्षिण भागाची पाहणी १८५७ ते १८६० मध्ये जॉन पॅलिसर याच्या पथकानं केली होती. त्यानं सांगितलं होतं की हा पट्टा शेतीला बरा नाही. पुढं तिथंही माणसं वसवली गेली. १९३० च्या दशकात दुष्काळ आला, शेतातली माती आभाळात उडाली आणि हजारो कुटुंबांनी गाशा गुंडाळला. त्या कायद्याखाली ज्यांनी जमिनीसाठी नावं नोंदवली, त्यांतल्या दहांपैकी जवळपास चौघांची नोंद रद्द झाली. सरकारनं जमीन वाटली आणि धोका मात्र शेतकऱ्याच्या पदरात टाकला. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही.

आणि ती जमीन ओसाडही नव्हती. क्री, ओजिब्वे, ब्लॅकफूट हे तिथले मूळ लोक. १८७१ ते १८७७ या सहा-सात वर्षांत एकामागून एक सात करार करून त्यांना राखीव तुकड्यांवर बसवलं. त्यांनी तिथं शेती सुरू केली तर १८८९ नंतर सरकारी धोरण असं आलं की त्यांनी हाताच्या अवजारांनीच शेती करावी, यंत्रं वापरू नयेत. धान्य विकायचं तर सरकारी माणसाचा परवाना काढावा. परवान्याशिवाय माल विकू न देणं हे शेतकऱ्याला मारायचं किती जुनं हत्यार आहे ते पाहा. आज आपला विषय तो नाही, पण स्टाइनबाखला जाणाऱ्या पोरांना एवढं माहीत असावं की आपल्याआधी तिथं कोण होतं.

आता जोडप्याकडं येऊ. क्लिफर्ड सिफ्टन हे १८९६ ते १९०५ कॅनडाचे अंतर्गत व्यवहार मंत्री. माणसं आणून प्रेअरी भरायची, हे त्यांचं काम. पुढं १९२२ साली त्यांनी एका मासिकात लिहिलं की चांगल्या प्रतीचा स्थलांतरित कोण, तर मेंढीच्या कातड्याचा कोट घातलेला, दहा पिढ्यांचा शेतकरी, सोबत धट्टीकट्टी बायको आणि अर्धा डझन पोरं. बैल घेताना आपण दात पाहतो, खांदा पाहतो. इथं शेतकरी घेताना त्याची बायको पाहिली. एकटा गडी या माळावर टिकत नाही, हे सरकारला पक्कं ठाऊक होतं.

का टिकत नाही? हा हिशेब तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही, तरी सांगतो. पहिली दोन-तीन वर्षं शेतातून रोकड येत नाही. मग नवरा रेल्वेच्या रुळांवर, खाणीत, लाकूडतोडीत मजुरीला जायचा, महिनोन् महिने. मागं बायको. युक्रेनमधून, म्हणजे त्या वेळच्या ऑस्ट्रियाच्या राज्यातल्या गॅलिशिया आणि बुकोविना या भागांतून, १८९१ पासून पहिल्या महायुद्धापर्यंत सुमारे पावणेदोन लाख लोक आले. गावाकडं त्यांच्या जमिनीच्या वाटण्या होऊन होऊन चिंध्या झाल्या होत्या. इथं आल्यावर पहिलं घर म्हणजे जमिनीत खणलेला खड्डा आणि वर गवताच्या मुळांसकट कापलेल्या मातीच्या विटांचं छप्पर. त्याला ते बुर्देई म्हणत. त्या खड्ड्यात लेकरं सांभाळत, झाडांची खोडं उपटत, दगड वेचत बाईनं जमीन मोकळी केली. नवऱ्याच्या मजुरीतून बैल आला आणि बायकोच्या कष्टातून शेत झालं.

आणि जमीन कोणाच्या नावावर? कायदा सांगत होता, कुटुंबाचा एकमेव प्रमुख असेल त्याला, किंवा १८ वर्षांवरच्या पुरुषाला. १८ वर्षांचं मिसरूड न फुटलेलं पोरगं अर्ज करू शकत होतं. वीस वर्षं शेत कसलेली बाई करू शकत नव्हती. विधवा असेल, पदरी लहान लेकरं असतील, तर विचार होई. म्हणजे नवरा मेल्याखेरीज बाई सरकारच्या लेखी शेतकरी नाही. त्याच्याही वरताण म्हणजे १८८६ साली तिथल्या मुलखात नवऱ्याच्या जमिनीत बायकोला मिळणारा जुना हक्कही कायद्यानं काढून घेतला. नवऱ्यानं उद्या जमीन विकली तर तिला विचारायचंही कारण उरलं नाही.

बायका गप्प बसल्या नाहीत. विनिपेगहून शेतकरी संघटनांचं एक साप्ताहिक निघायचं, 'ग्रेन ग्रोअर्स गाइड', १९०८ पासून. त्याच्या बायकांसाठीच्या पानावरून मोहीम झाली की आम्हालाही जमीन द्या. ११ हजारांहून जास्त सह्यांचा अर्ज १९१३ मध्ये सरकारपुढं गेला. सरकारनं तो बाजूला ठेवला. त्या अर्जातही एक खोट होती, ती सांगितली पाहिजे. मागणी फक्त ब्रिटिश जन्माच्या बायकांसाठी होती. बुर्देईतली युक्रेनी बाई त्यात बसत नव्हती. चळवळ आपली असली तरी ती कोणाला दाराबाहेर ठेवते हे तपासून पाहावं लागतं.

तुम्ही म्हणाल, तो काळच तसा होता. नव्हता. त्याच मॅनिटोबात, त्याच सुमारास, दुसरी रीत चालू होती. आणि गंमत अशी की ती ज्या गावात चालू होती, ते गाव म्हणजे हेच स्टाइनबाख.

१८७४ साली रशियन साम्राज्यातून मेनोनाइट पंथाचे शेतकरी आले. आणखी पाच-सहा वर्षांत त्यांची संख्या सुमारे सात हजारांवर गेली. स्टाइनबाख वसवलं ते १८ कुटुंबांनी. कायद्याप्रमाणं प्रत्येकानं आपापल्या १६० एकरांवर घर बांधून राहायला हवं होतं. म्हणजे सगळ्यात जवळचा शेजारी अर्धा मैल लांब, आणि मध्ये गळ्यापर्यंत बर्फ. हे लोक म्हणाले, आम्ही असे विखरून राहणार नाही. त्यांनी जमिनी एकत्र केल्या, मधोमध गाव बसवलं आणि भोवती पट्टे पाडले. पुढं १८७६ साली सरकारनंच कायद्यात दुरुस्ती केली, की गावात राहून शेत कसलं तरी चालेल. शेतकरी आधी वागले, कायदा मागून आला.

त्यांची वारसाची रीत तर ऐकण्यासारखी आहे. शेतीवाडीतला अर्धा वाटा बायकोचा. उरलेल्यात मुलगा आणि मुलगी सारखे. नवरा किंवा बायको वारली की पंचांची एक कचेरी बसे, वाटण्या लिहून काढी आणि पोरक्या मुलांचा वाटा ती सज्ञान होईपर्यंत सांभाळी. हे लोक पुरोगामी होते म्हणून असं करत नव्हते. बाईनं डोकं झाकावं, पंचायतीत तोंड उघडू नये, याबाबतीत ते कोणापेक्षा मागं नव्हते. पण दोघांनी मिळून केलेलं शेत दोघांचं, एवढा साधा हिशेब त्यांना कळत होता.

युक्रेनी शेतकऱ्यांची एक गोष्ट आम्हाला फार वर्षं कळली नव्हती. सरकारी अधिकारी त्यांना चांगली काळी मोकळी जमीन दाखवत, आणि हे लोक ती सोडून आपल्या भावकीच्या, गाववाल्यांच्या शेजारची हलकी, झाडोऱ्याची जमीन घेत. अकोल्याला कृषी विद्यापीठात मातीचे प्रकार पाठ केलेल्या माणसाला हा शुद्ध अडाणीपणा वाटणार. आम्हालाही वाटला. आम्ही स्वतः परक्या गावात जाऊन राहिलो तेव्हा कळलं की त्यांचा हिशेब आमच्यापेक्षा बरोबर होता. झाडोरा म्हणजे सरपण आणि घराला लाकूड. भावकी म्हणजे बाळंतपणाला बाई आणि पेरणीला दुसऱ्याचा बैल. हलक्या जमिनीत दोन पोती कमी येतात. शेजारी नसला तर सगळंच जातं.

२००९ साली आम्ही नोकऱ्या सोडून पांढरकवड्याच्या पुढं एका खेड्यात राहायला गेलो. आमच्यापैकी एकाकडं कृषीची पदवी, दुसरी शिक्षिका. गावात आमचं नात्याचं, पाहुण्याचं कोणी नाही. पहिले सहा महिने लोकांनी आम्हाला दोनच प्रश्न विचारले. पुरुषांनी विचारलं, कोणत्या कंपनीचे? बायकांनी विचारलं, लेकरं किती? आम्ही माती परीक्षणाचं सांगायला जायचो, लोक चहा पाजून वाटेला लावायचे.

बदल झाला तो पदवीमुळं नाही. श्रावणात निंदणाला बाया मिळेनात, तेव्हा आमच्यापैकी शिक्षिका असलेली शेजारणीच्या शेतात चार दिवस निंदायला गेली. सावड म्हणून. पाचव्या दिवशी त्या सहा जणी आमच्या शेतात हजर. त्यांच्या मागून त्यांचे नवरे बोलायला लागले. वर्षभरानं डवऱ्यासाठी कोणाचे बैल कधी मोकळे असतात हे आम्हाला न विचारता कळायला लागलं. गावात आम्ही शिरलो ते तिच्या खुरप्यानं वाट केली म्हणून, आणि हे आमच्यापैकी दुसऱ्यानं कबूल करायला बरीच वर्षं घेतली.

कारण २०११ साली आम्ही पाच एकर घेतली, दोघांच्या बचतीतून. सातबाऱ्यावर नाव एकाचंच लागलं. कोणी जबरदस्ती केली नाही, कोणी फसवलं नाही. तलाठ्यानं नाव विचारलं, एकानं सांगितलं, दुसरी बाजूला उभी होती. स्त्रियांच्या जमीनहक्कावर शिबिरात व्याख्यान देणारे आम्ही!

२०१७ चा फवारणीचा हंगाम तुम्हाला आठवत असेल. यवतमाळ जिल्ह्यात विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्या हंगामात आमच्यापैकी ज्याचं नाव सातबाऱ्यावर होतं तो सहा दिवस दवाखान्यात होता. शेतातली पऱ्हाटी, सालदाराचा हिशेब, पीककर्जाचं नूतनीकरण, सगळं दुसरीच्या अंगावर. ती कर्जाच्या कामाला गेली तर समोरच्या माणसानं विचारलं, "या जमिनीशी तुमचा संबंध काय?" त्याचं चुकलं नाही. कागदावर खरंच काही संबंध नव्हता. त्या जमिनीतला प्रत्येक दगड तिच्या ओळखीचा होता, आणि तिला उत्तर काय द्यावं ते सुचलं नाही.

हाच प्रश्न कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयात एका बाईला विचारला गेला. तिचं नाव आयरीन मर्डॉक. अल्बर्टा प्रांतातली गुरांच्या शेतीवरची बाई. १९४३ साली लग्न. पहिली चार वर्षं दोघं जोडपं म्हणून दुसऱ्यांच्या शेतांवर कामाला. आपल्याकडं ऊसतोडीला बीडची जोडपी जातात, त्यांना आपण एक 'कोयता' म्हणतो, माणसं दोन आणि उचल एक, तसंच काहीसं. मग स्वतःची जमीन, ती नवऱ्याच्या नावावर. नवरा वर्षातले पाच महिने बाहेरच्या कामावर. बाई गवत कापायची, ट्रॅक्टर आणि ट्रक चालवायची, गुरं चराईला नेऊन आणायची, त्यांना लस टोचायची, डागणी द्यायची. १९६८ साली संसार मोडला. तिनं जमिनीत वाटा मागितला. खालच्या न्यायाधीशांनी म्हटलं होतं की ही बाई करत होती ते कुठल्याही गुरं पाळणाऱ्याची बायको करतेच. १९७३ साली सर्वोच्च न्यायालयात पाचपैकी चार न्यायाधीशांनी तिच्या विरुद्ध निकाल दिला. एकटे बोरा लास्किन तिच्या बाजूनं होते. पंचवीस वर्षांच्या कामाची किंमत जमिनीत शून्य, कारण सगळ्याच बायका ते काम करतात!

त्या निकालावर देशभर एवढा गहजब झाला की १९७० चं दशक संपता संपता एकेका प्रांतानं कायदे बदलले आणि संसारात मिळवलेल्या मालमत्तेत बायकोचा वाटा धरायला सुरुवात केली. स्टाइनबाखच्या पंचांना १८७४ साली कळत होतं, ते सरकारला कळायला शंभर वर्षं लागली.

आता आपल्या त्या शेतकऱ्याच्या सुनेच्या फॉर्मकडं वळू. दीडशे वर्षांपूर्वी जो रकाना कायद्यानं बाईला बंद होता, त्यात आज यवतमाळच्या शेतकऱ्याच्या सुनेचं नाव आहे. आणि 'सोबतचा जोडीदार' हा आजच्या कायद्यात बुर्देईतल्या बाईसारखा बिनहक्काचा नाही. अर्ज मंजूर झाला की कायम वास्तव्याचा हक्क दोघांनाही, ज्याचा त्याला मिळतो. तेव्हा बापानं मुलाची चिंता करू नये. मुलानं मात्र तिथं जाऊन वर्षभर घरात बसून नोकरीच्या चिठ्ठीची वाट पाहू नये. बर्फ काढायला, कोणाचं छप्पर दुरुस्त करायला, जे सार्वजनिक काम असेल त्याला आधी जावं. शेतकऱ्याच्या पोराला सावड शिकवावी लागत नाही. घर भाड्यानं घेतील, पुढं विकत घेतील, बँकेत खातं उघडतील, ते पहिल्या दिवसापासून दोघांच्या नावानं. आज कागद सुनेच्या नावावर आहेत म्हणून तिनंही आमच्यासारखं करू नये.

आमचं काय झालं ते सांगतो आणि थांबतो. १९९२ साली महाराष्ट्र शासनानं लक्ष्मीमुक्तीचं परिपत्रक काढलं. नवऱ्यानं स्वतः अर्ज केला तर त्याच्या हयातीतच बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लावता येतं. त्या आधाराचा अर्ज आम्ही २०१८ साली दिला. पहिल्या खेपेला कचेरीतल्या माणसानं विचारलं, "साहेब, घरात काही भांडण आहे का?" दुसऱ्या खेपेला परिपत्रकाची प्रत मागितली, ती आम्ही सोबत नेली होती. चौथ्या खेपेला फेरफार झाला. त्या परिपत्रकाच्या चाळीस प्रती आज टेबलावर ठेवल्या आहेत, अर्जाचा नमुनाही आहे. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकानं आपला सातबारा सोबत आणावा. ज्यांची घरधनीण आज शेतात वेचणीला आहे म्हणून इथं येऊ शकली नाही, त्यांनी तर आणावाच.